आधी शकावली, मग बखर

१६७० म्हटलं की आपल्याला सुरत आठवते. त्या वर्षीच्या ३ ऑक्टोबरला शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरतेत शिरले, हे आपण शाळेपासून वाचत आलोय. मी सचिनची. सुरतेहून गाडीत बसलं की उधना, भेस्तान आणि मग आमचं स्टेशन. त्यामुळे हे साल मला जरा जास्तच घरचं वाटतं. पण त्याच वर्षी, सुरतेच्या त्या घटनेच्या साडेतीन महिने आधी, आकाशातही काहीतरी घडलं होतं. आणि ते काय होतं, यावर खगोलशास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत झालेलं नाही.

२० जून १६७० च्या रात्री फ्रान्समधल्या दिजों इथल्या दों आन्तेल्म या मठवाशाला, हंस तारकासमूहाच्या चोचीजवळ, आधी तिथे नसलेला एक तारा दिसला. आन्तेल्म कार्थुसियन संघाचे. या संघाच्या मठांत मध्यरात्री उठून प्रार्थना करण्याची रीत आहे, तेव्हा रात्री जागं असणं त्यांना नवीन नव्हतं. महिन्याभरानं पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरात योहानेस हेवेलियस यांनीही स्वतंत्रपणे तोच तारा पाहिला. त्यांनी आजूबाजूच्या ताऱ्यांपासूनची अंतरं मोजून त्याची जागा नकाशावर मांडली. तारा हळूहळू विझला. मार्च १६७१ मध्ये आन्तेल्म यांना तो परत दिसला, एप्रिल-मेमध्ये चांगलाच ठळक झाला आणि पुन्हा मावळला. १६७२ मध्ये तिसऱ्यांदा अगदी अंधूक दिसला. त्यानंतर साध्या डोळ्यांना तो कधीच दिसला नाही.

अभिजित आणि श्रवण हे दोन तेजस्वी तारे तुम्हाला ओळखता येत असतील, तर त्यांच्या साधारण मधल्या भागात ही जागा येते. १६७० च्या जूनमध्ये आपल्याकडे ढग असणार. पण १६७१ च्या एप्रिल-मेमधलं उत्तररात्रीचं आकाश मोकळं असतं; तेव्हा तो सुरतेवरूनही सहज दिसण्याजोगा होता. बंदरातल्या एखाद्या खलाशानं, गच्चीवर झोपलेल्या एखाद्या माणसानं त्याच्याकडे पाहिलंही असेल. मात्र आज शास्त्रज्ञ ज्यावर गणित मांडतात त्या नोंदी युरोपातल्या आहेत. पाहणं सगळ्यांना जमतं. कधी पाहिलं, कुठे पाहिलं आणि शेजारच्या ताऱ्याच्या तुलनेत किती ठळक पाहिलं, हे त्याच रात्री लिहून ठेवणं फार थोड्यांना जमतं. या लेखात मला जे म्हणायचंय ते एवढंच: साहित्य शिकणाऱ्या आपल्यासारख्यांनी या दुसऱ्या प्रकारच्या माणसांना आज देतो त्यापेक्षा बराच जास्त मान द्यायला हवा, आणि थोडं त्यांचं कामही करायला हवं.

आधी त्या ताऱ्याबद्दल. अचानक उजळणाऱ्या ताऱ्याला मराठीत नवतारा म्हणतात. नाव फसवं आहे, कारण त्यात नवं काहीच नसतं. जुनाच तारा भडकलेला असतो. नेहमीच्या नवताऱ्यात एक लहान, घट्ट असा श्वेत बटू शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य ओढून घेतो. ते पृष्ठभागावर साचतं आणि एक दिवस त्याचा स्फोट होतो. जोडी टिकून राहते आणि हेच पुन्हा घडू शकतं. पण आणखी एक प्रकार असतो. एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे इतके जवळ येतात की त्यांची बाहेरची आवरणं एक होतात. शेंगदाण्याच्या शेंगेत दोन दाणे असावेत तसे. फेरी लहान लहान होत जाते आणि शेवटी दोघांचा एक तारा होतो. त्या वेळी बाहेरचं द्रव्य उधळलं जातं, पसरतं, थंड होतं, धुळीनं भरतं. म्हणून असा तारा भडकल्यानंतर निळसर, गरम होत नाही. तांबडा होत जातो. त्याला तांबडा नवतारा म्हणतात. इथे पुन्हा काही घडायची शक्यता नसते, कारण जोडीच उरलेली नसते.

हे सगळं मी आता चार ओळींत सांगितलं, पण ते सिद्ध व्हायला वेळ लागला. ६ जानेवारी २००२ रोजी निकोलस ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या हौशी निरीक्षकाला शृंगाश्व तारकासमूहात एक तारा उजळलेला दिसला. त्याचं नाव व्ही ८३८ मोनोसेरोटिस. तो तीन महिन्यांत तीनदा भडकला आणि मग तांबडा, अतिशय थंड होत गेला. हबल दुर्बिणीनं टिपलेली त्याच्याभोवतीच्या धुळीवरून परतणाऱ्या प्रकाशाची चित्रं तुम्ही पाहिली असतील. मोबाइलच्या वॉलपेपरवरसुद्धा ती असतात. पण त्याच ताऱ्याकडे आपल्या बाजूनंही कुणी पाहत होतं, हे कमी जणांना माहीत असतं. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची, म्हणजे विक्रम साराभाईंनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या पीआरएलची, माउंट अबूच्या गुरुशिखरावर १.२ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. आजच्या हिशेबानं ही छोटीच. दीपांकर बॅनर्जी आणि एन. एम. अशोक यांनी या दुर्बिणीतून त्या ताऱ्याचा अवरक्त प्रकाश तपासला आणि पुढेही तपासत राहिले. २००५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती पाण्याच्या वाफेच्या खुणा असल्याचं प्रसिद्ध केलं. हबलचं चित्र घराघरांत गेलं. गुरुशिखरावरच्या वर्णपटाच्या रेघा कुणाच्या वॉलपेपरवर गेल्या नाहीत. तारा किती थंड झालाय, त्याच्याभोवती काय साचलंय, हे सांगणाऱ्या मात्र त्या रेघाच.

तरीही भडका कशामुळे उडाला, हा वाद चालूच राहिला. कुणी म्हणे दोन तारे एक झाले, कुणी म्हणे ताऱ्यानं ग्रह गिळले, कुणी म्हणे वेगळ्याच जातीचा स्फोट. कारण स्फोटाच्या आधी तो तारा कसा वागत होता, याची पुरेशी नोंदच नव्हती.

ती नोंद दुसऱ्या एका ताऱ्याच्या बाबतीत मिळाली. सप्टेंबर २००८ मध्ये वृश्चिक राशीत व्ही १३०९ स्कॉर्पिआय हा तारा उजळला. जपान आणि चीनमधल्या हौशी निरीक्षकांनी तो शोधला. योगायोग असा, की वॉर्सा विद्यापीठाच्या ओगल प्रकल्पाची चिलीमधली दुर्बीण आकाशाच्या त्याच तुकड्याची छायाचित्रं वर्षानुवर्षं घेत होती. त्यांना या ताऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते कृष्णद्रव्याचा माग काढायला निघालेले. रोमुआल्ड टिलेंडा आणि सहकाऱ्यांनी ती जुनी मोजमापं उघडली. तारा जोडतारा होता, एक फेरी सुमारे १.४ दिवसांची. एक तारा दुसऱ्यासमोर आला की प्रकाश घटतो; अशा घटीच्या वेळा पाहिल्या तर फेरी वर्षागणिक लहान होत गेलेली. आलेखाचा आकारही बदलत गेलेला. मार्च २००८ पासून, म्हणजे कुणाच्या लक्षात येण्याच्या सहा महिने आधीपासून, तारा सतत उजळत चाललेला. २०११ मध्ये त्यांचा निबंध आला. दोन तारे एक होताना पहिल्यांदाच थेट निरीक्षणांतून दाखवता आले होते. हा शोध लागला तो स्फोटाच्या रात्री कुणी वर पाहिलं म्हणून नव्हे. ज्या शेकडो रात्री काहीच घडत नव्हतं, त्या रात्रींचे आकडे कुणीतरी ठेवले होते म्हणून.

इथे मला आपल्याच अभ्यासक्रमातली एक गोष्ट आठवते. बखरी आपण आवडीनं वाचतो. मीही वाचते. सभासदाची बखर असो की पुढच्या बखरी, त्यांत भाषेचा डौल आहे, प्रसंग उभा करण्याची ताकद आहे. शकावली मात्र कुणी आवडीनं वाचत नाही. शक, महिना, तिथी, काय घडलं. एका ओळीत संपलं. पण शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचा प्रश्न आला तेव्हा काय झालं? बखरींवरून शके १५४९ चा वैशाख, म्हणजे १६२७ साल धरलं जायचं. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. त्या कोरड्या यादीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद होती. इतर साधनांशी ती ताडून पाहिली गेली, वाद झाले, आणि आज महाराष्ट्र शासन जी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मानतं ती या नोंदीच्या बाजूची. जेध्यांच्या घरात ज्यानं ती ओळ लिहिली, त्याला आपण साहित्यिक म्हणणार नाही. पण त्याच्यावाचून आपली गोष्ट तीन वर्षांनी चुकली असती.

आता कुणी म्हणेल, नोंदही चुकू शकते. अगदी बरोबर, आणि त्याचंही उदाहरण याच विषयात आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात कॅल्विन नावाचं ख्रिस्ती महाविद्यालय आहे, आता त्याचं विद्यापीठ झालंय. तिथले प्राध्यापक लॅरी मोलनार आणि त्यांच्या गटानं हंस तारकासमूहातल्या केआयसी ९८३२२२७ या जोडताऱ्याचा अभ्यास केला. फेरी अकरा तासांची, आणि ती कमी होत चाललेली दिसत होती. वृश्चिकेतल्या ताऱ्यासारखाच हा प्रकार, असं धरून त्यांनी २०१७ मध्ये जाहीर केलं, की २०२२ च्या आसपास हे दोन तारे एक होतील आणि नुसत्या डोळ्यांना दिसतील. इतकं नेमकं भाकीत आधी कुणी केलं नव्हतं. जगभर बातम्या आल्या.

पुढच्याच वर्षी सॅन दिएगोमधल्या क्वेन्टिन सोशिया या विद्यार्थ्यानं आणि त्याच्या गटानं २००३ मधली, नासाच्या एका जुन्या प्रकल्पात पडून असलेली निरीक्षणं काढली. ती मोलनार यांच्या आलेखावर बसेनात. मग १९९९ सालची निरीक्षणं पुन्हा तपासली गेली. एका जुन्या निबंधातल्या छपाईच्या चुकीमुळे ग्रहणाची वेळ १२ तासांनी सरकली होती. फेरी अकरा तासांची असताना १२ तास म्हणजे हिशेबात जवळजवळ एका तासाचा फरक. तेवढ्यानं सगळी वक्ररेषा वाकली होती. भाकीत मागे घेतलं गेलं. मोलनार यांनीही ही दुरुस्ती उघडपणे मान्य केली. २०२२ आलं आणि गेलं, तारे अजून दोनच आहेत.

काहींना ही फजिती वाटते. मला वाटत नाही. मोलनार यांनी पडताळून पाहता येईल असं विधान केलं, आपला हिशेब उघड ठेवला, म्हणूनच दुसऱ्याला तो तपासता आला. आणि चूक सापडली ती कुणाच्या हुशार तर्कानं नाही, तर आणखी एका जुन्या, विसरलेल्या नोंदीनं. नोंदीची चूक दुसऱ्या नोंदीनंच पकडली जाते. १९९९ ची एकच वही असती तर आपण अजून वर पाहत बसलो असतो. एका बखरीला दुसरी बखर उत्तर देते तेव्हा ज्याची भाषा जोरदार तो जिंकतो. शकावलीत तसं होत नाही.

दुसरा आक्षेप आजचा आहे: आता हे काम यंत्रं करतात, माणसानं कशाला वही धरायची? चिलीमधल्या रुबिन वेधशाळेची पहिली चित्रं २०२५ मध्ये आली. दर काही रात्रींनी दक्षिणेचं सगळं आकाश टिपत राहण्याचा तिचा दहा वर्षांचा बेत आहे. लडाखमध्ये हानले इथे आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची ग्रोथ-इंडिया ही ७० सेंटिमीटरची दुर्बीण माणूस शेजारी नसताना आपोआप निरीक्षण करते. हे उत्तमच आहे. पण यंत्र उद्यापासूनच्या रात्री टिपेल. कालच्या रात्री फक्त ज्यांनी लिहिल्या त्यांच्याकडेच आहेत.

म्हणून पुन्हा आन्तेल्म यांच्या ताऱ्याकडे येते. त्याचं आजचं नाव सीके वल्पेक्युली. तीन शतकं तो युरोपात नोंदलेला सगळ्यात जुना साधा नवतारा मानला जात होता. १९८० च्या दशकात त्या जागी धुरकट अवशेष सापडले. २०१५ मध्ये टोमाश कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी तिथल्या वायूंतले रेणू तपासले आणि हे साध्या नवताऱ्याचं काम दिसत नाही, दोन ताऱ्यांच्या मीलनाचं असावं, असं मांडलं. २०२० मध्ये गुरुशिखरावरून पूर्वी निरीक्षणं करणारे तेच दीपांकर बॅनर्जी आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय गट, हवाईमधली जेमिनी दुर्बीण वापरून, नवं काही घेऊन आले. अवशेषांची टोकं सेकंदाला सुमारे २००० किलोमीटर वेगानं पळतायत, आणि तारा आधी समजत होतो त्याच्या पाचपट दूर, सुमारे १०,००० प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे भडकाही आधी वाटला होता त्यापेक्षा पंचवीसपट तेजस्वी होता. नवताऱ्याहून मोठा, अतिनवताऱ्याहून लहान. दोन तारेच एक झाले की आणखी काही, हा प्रश्न पुन्हा उघडा झाला. स्फोट नेमका कधी झाला हे माहीत असल्यामुळेच अशा हिशेबाला पाया मिळतो. अहमदाबादच्या शास्त्रज्ञाच्या निबंधाखाली साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका मठवाशाची तारीख आहे. आपण काय पाहतोय हे आन्तेल्म यांना कळणं शक्यच नव्हतं. अर्थ लागत नाही म्हणून त्यांनी लिहायचं थांबवलं नाही.

याचा मराठी वाङ्मय मंडळाशी काय संबंध? माझ्या मते थेट आहे. आपण मंडळात जे लिहितो ते जवळजवळ सगळं बखरीच्या जातीचं असतं: कविता, ललित, आठवणी, मत. हा लेखही त्यातलाच. भडका उडाला की आपण लिहितो. भाषेबद्दल तर आपण हमखास भडक्यानंतरच बोलतो: शाळा बंद पडली की, पाटीवरून वाद झाला की.

सचिनचं उदाहरण देते. औद्योगिक वसाहतीमुळे इथे आणि सुरतेच्या या सगळ्या पट्ट्यात खानदेशातून आलेली खूप कुटुंबं आहेत. घरात अहिराणी, पाव्हण्यांसमोर पुस्तकी मराठी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी. खिडकीची केव्हा 'बारी' झाली आणि बटाट्याचा 'बटाका' केव्हा झाला, घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. भाषा म्हणजे तारे नव्हेत. त्यांचं एक होणं ही दुर्घटनाच असते असंही नाही. पण दोन भाषा जवळ येतायत एवढं म्हणून भागत नाही. किती जवळ, किती वेगानं, कोणत्या घरात, कोणत्या साली? वीस वर्षांनी कुणी संशोधक विचारेल तेव्हा त्याला हळहळीचे लेख ढीगभर मिळतील, तारीख घातलेला शब्द एकही मिळणार नाही. आपल्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीला आपण साहित्य म्हणत नाही, पण कोणतं नाव कोणत्या दशकात आलं आणि कोणतं गेलं, हे त्यातूनच कळतं.

माझी सूचना साधी आहे. ई-मासिकाच्या प्रत्येक अंकात एक पान 'शकावली' म्हणून ठेवूया. नोंदीला चार गोष्टी हव्यात: तारीख, ठिकाण, काय दिसलं किंवा कुठला शब्द ऐकला, आणि लिहिणाऱ्याचं नाव. जास्तीत जास्त दोन ओळी, विशेषणं नकोत. आकाशाची असेल तर कोणता तारा कोणत्या ताऱ्याहून ठळक दिसला ते लिहा. भाषेची असेल तर कोणत्या वयाच्या माणसाच्या तोंडून ऐकली ते लिहा. चूक झाली तर खोडू नका, खाली दुसरी नोंद करा. पान कंटाळवाणं होईल. व्हायलाच हवं. एकही नोंद छापण्याच्या लायकीची नाही असं वाटेल, तेव्हा ओगलच्या त्या शेकडो बिनमहत्त्वाच्या रात्री आठवा.

बखर लिहायला नंतर कुणीतरी नक्की येईल, आणि ती आपल्यापेक्षा चांगलीच लिहील. तिच्या हाताशी तारखा असाव्यात, एवढं आपण करू शकतो. मंडळाच्या पुढच्या बैठकीला वही मी आणते.